विश्लेषण : तळे आजारी आहे, हे पाण्यातले सूक्ष्म जीव कसे सांगतात? ते पहिल्यांदा पाहिले कापडविक्रेत्याने!

तळ्याचे आरोग्य तपासताना आता केवळ पाण्याची रासायनिक चाचणी पुरेशी मानली जात नाही. बारीक जाळीतून पाणी गाळून त्यात कोणते सूक्ष्म प्राणी आहेत आणि किती आहेत, हेही पाहिले जाते. तळ्याच्या पाण्यातली ही दुनिया पहिल्यांदा पाहणारे अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक ना प्राध्यापक होते, ना वैद्य.

ल्युवेनहॉक कोण होते?

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १६३२ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील टोपल्या विणत. ते लवकर वारले. अँटोनी यांनी अॅमस्टरडॅममध्ये कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली आणि १६५४ मध्ये गावी परतून स्वतःचे दुकान थाटले. पुढे नगर प्रशासनात सभागृहाच्या देखभालीची नोकरीही मिळाली. कापडाचा पोत तपासायला व्यापारी भिंग वापरत. ल्युवेनहॉक यांना भिंगाचे वेड बहुधा तिथूनच लागले. विद्यापीठाचे शिक्षण नाही, विद्वानांची लॅटिन भाषा येत नाही. डच भाषेतच ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहीत.

तळ्याच्या पाण्यात काय दिसले?

डेल्फ्टपासून सुमारे दोन तासांच्या अंतरावर बर्केल्स मेर नावाचे तळे होते. हिवाळ्यात त्याचे पाणी नितळ असे, उन्हाळ्यात ते गढूळ होई आणि त्यात हिरवे पुंजके तरंगत. हे दवामुळे होते, अशी आसपासच्या लोकांची समजूत होती. १६७४ मध्ये ल्युवेनहॉक यांनी ते पाणी कुपीत भरून घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहिले. त्यात नागमोडी हिरव्या पट्ट्या होत्या आणि वर-खाली, गोल-गोल पळणारे असंख्य जीव होते. चीजच्या सालीवरच्या किड्यांपेक्षा त्यांतले काही हजारपटीने लहान असावेत, असा अंदाज त्यांनी मांडला. तळ्याचा बदललेला रंग आणि त्यातले जीव, दोन्ही एकाच पत्रात आले. आजच्या तपासणीचे मूळ इथे सापडते, असे म्हणायला हरकत नाही.

विद्वानांनी विश्वास का ठेवला नाही?

१६७६ च्या पत्रात त्यांनी पाण्याच्या थेंबात याहूनही सूक्ष्म जीव असल्याचे कळवले, तेव्हा लंडनमध्ये शंका घेतली गेली. त्यांनी धर्मगुरूंसह प्रतिष्ठित नागरिकांच्या साक्षी पाठवल्या. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांना ते जीव दिसले आणि १६८० मध्ये हा दुकानदार सोसायटीचा सदस्य झाला.

आज हे जीव काय सांगतात?

१७०२ च्या सुमारास ल्युवेनहॉक यांनी पन्हळीतल्या वाळलेल्या गाळावर पाणी टाकले आणि निपचित पडलेले जीव पुन्हा हालू लागले. ते होते रोटिफर. तळ्याच्या तपासणीत आज त्यांनाच मोठे महत्त्व आहे. त्यांचे आयुष्य काही दिवसांचे आणि वाढ झपाट्याची. त्यामुळे पाणी बिघडले की त्यांची संख्या लगेच बदलते. सांडपाण्यातून पोषक द्रव्ये आली की शैवाल माजते आणि ब्रॅकिओनस प्रकारचे रोटिफर वाढतात. उलट, डॅफ्नियासारखे मोठे प्राणी शैवाल खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात. रासायनिक चाचणी नमुना घेतला त्या क्षणाचे पाणी सांगते, तर हे जीव मागच्या काही आठवड्यांचा हिशेब देतात. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नये. माशांनी डॅफ्निया फस्त केले तरी संख्या घटते; ऋतूनुसारही ती बदलते. कोणते जीव किती घाणीत तगतात, याच्या पद्धतशीर याद्या जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये केल्या.

एवढा उशीर का झाला?

याला कारणे अनेक. पण एक खुद्द ल्युवेनहॉक यांच्याकडे जाते. त्यांनी ५०० च्या आसपास भिंगे घडवली. उरलेल्यांपैकी एक सुमारे २७० पट मोठे दाखवते. पण सर्वोत्तम भिंगे कशी बनवली आणि पाणी कसे पाहिले, हे त्यांनी कोणालाच सांगितले नाही. पाहुण्यांना ते साधी भिंगेच दाखवत. १७२३ मध्ये वयाच्या नव्वदीत ते वारले. त्यांनी मागे ठेवलेले २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक मुलगी मारिया हिने रॉयल सोसायटीला पाठवले. एकोणिसाव्या शतकात तेही गहाळ झाले.