आठ पौंडांचा जादूगार

फुटबॉलपटूच्या चरित्रात माणसे गोलांचे आकडे शोधतात. अ‍ॅलेक जॅक्सनचे नाव निघाले की मला मात्र दुसरेच दोन आकडे आठवतात. एक साडेआठ हजार आणि दुसरा आठ. १९३० साली लंडनच्या चेल्सी क्लबने हडर्सफील्ड टाउन या क्लबला ८,५०० पौंड मोजून जॅक्सनला आपल्याकडे आणले. त्याच जॅक्सनच्या हातात दर आठवड्याला पडत होते ८ पौंड; उन्हाळ्यात खेळ बंद असला की ६. जी किंमत त्याच्यासाठी मोजली गेली, तेवढा पैसा पगारातून जमवायचा तर त्याला वीस वर्षांहून अधिक काळ खेळावे लागले असते! फुटबॉलच्या गोष्टी सांगणारे पहिला आकडा कौतुकाने सांगतात. दुसरा बहुधा सांगायचा राहतो.

जॅक्सनचा जन्म १२ मे १९०५ चा, स्कॉटलंडमधल्या रेंटन गावचा. लेव्हन नदीच्या काठी वसलेले हे लहानसे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक म्हणजे तिथली रंगाची कारखानदारी. त्या खोऱ्यात सुती कापडाला पक्का लाल रंग देत, आणि ते लाल कापड जहाजे भरभरून हिंदुस्थानात येई. दुसरी गोष्ट फुटबॉल. १८८८ साली या गावच्या संघाने स्कॉटलंडचा चषक जिंकला, पाठोपाठ इंग्लंडच्या चषकविजेत्या वेस्ट ब्रॉमविच संघालाही हरविले, आणि मग रेंटनकरांनी स्वतःला खुशाल जगज्जेते म्हणवून घेतले. जॅक्सन जन्मला तेव्हा संघाचे ते वैभव ओसरले होते. पण अशा गावातल्या पोराच्या पायाशी चेंडू येणारच.

डंबार्टन संघाकडून थोडेफार खेळून तो अठराव्या वर्षी थोरला भाऊ वॉल्टर याच्याबरोबर अमेरिकेला गेला. पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेम स्टील या पोलाद कारखान्याचा तगडा फुटबॉल संघ होता. त्यात दोघे भाऊ खेळले. १९२४ मध्ये परत आले ते अ‍ॅबरडीनच्या संघात दाखल झाले. पुढच्याच वर्षी, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधी, अ‍ॅलेक स्कॉटलंडकडून खेळला. आणि त्याच १९२५ साली हर्बर्ट चॅपमन या विख्यात व्यवस्थापकाने ५,००० पौंड देऊन त्याला इंग्लंडमध्ये हडर्सफील्डला नेले. चॅपमन स्वतः मात्र थोड्याच दिवसांत आर्सेनलला निघून गेला. हडर्सफील्डने त्या मोसमात सलग तिसऱ्यांदा लीग जिंकली. असा पराक्रम तोवर कोणत्याही संघाने केला नव्हता.

इथे जॅक्सनच्या खेळाविषयी थोडे सांगायला हवे. तो राइट आउट, म्हणजे उजव्या कडेचा आघाडीचा खेळाडू. त्या काळी कडेच्या खेळाडूचे काम ठरलेले असे. रेषेला चिकटून धावायचे, बचावपटूला चकवायचे आणि चेंडू गोलासमोर पोचवायचा. गोल मारायचा तो मधल्याने. लग्नात वाढप्याने सर्वांना वाढावे आणि स्वतः उपाशी राहावे, तसलाच हा प्रकार! जॅक्सनला ते मानवले नाही. डाव्या कडेने चेंडू येऊ लागला की तो आपली रेषा सोडून आत घुसे आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना गोलाच्या तोंडाशी हजर होई. १९२५ मध्येच ऑफसाइडचा नियम बदलला होता. पूर्वी आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाचे तीन जण असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. या मोकळ्या जागेचा जॅक्सनने मनमुराद फायदा घेतला. उंच, देखणा, चेहऱ्यावर मिश्कील हसू, वागण्यात बेफिकिरी. जुन्या काळच्या राजाच्या फौजेतल्या उमद्या, रंगेल स्वाराची उपमा लोकांनी त्याला दिली होती.

३१ मार्च १९२८ चा वेम्बलेचा सामना हा त्याच्या आयुष्याचा माध्यान्ह. स्कॉटलंड त्या मोसमात आयर्लंडकडून हरला होता, वेल्सशी बरोबरीत सुटला होता. निवड जाहीर झाली तेव्हा ओरड झाली, कारण अकरांपैकी आठ जण इंग्लिश लीगमधल्या क्लबांचे नोकर होते आणि घरचे नावाजलेले खेळाडू वगळले होते. आघाडीच्या पाचांत जॅक्सन सोडला तर सगळे बुटके. कर्णधार जिमी मॅकमुलन याने आदल्या रात्री डावपेच वगैरे काही सांगितले नाही, फक्त पावसासाठी प्रार्थना करायला सांगितली, अशी आख्यायिका आहे. पाऊस आला. ओल्या गवतावर इंग्लंडचे धिप्पाड बचावपटू घसरू लागले आणि हे बुटके त्यांच्या पायांतून निसटू लागले.

पहिल्याच मिनिटाला इंग्लंडच्या बिली स्मिथचा फटका खांबाला लागून परतला. चेंडू तिथून निघाला तो दोनतीन मिनिटांत दुसऱ्या टोकाला. डावीकडून अ‍ॅलन मॉर्टनने उंच क्रॉस दिला आणि आत घुसलेल्या जॅक्सनने तो डोक्याने जाळ्यात घातला. पुढे अ‍ॅलेक्स जेम्सने दोन गोल केले, जॅक्सनने आणखी दोन. आणि जॅक्सनच्या तिन्ही गोलांना चेंडू पुरविला तो मॉर्टननेच. स्कॉटलंड पाच, इंग्लंड एक. मला यातली एक गंमत फार आवडते. खांबाला फटका मारणारा स्मिथ, इंग्लंडचा एकमेव गोल करणारा बॉब केली, कर्णधार गुडॉल आणि मध्यरक्षक विल्सन हे चौघेही हडर्सफील्डचे, म्हणजे जॅक्सनचे रोजचे सोबती! त्याची प्रत्येक लकब त्यांना पाठ असणार, तरी तो सापडला नाही. या अकरांना पुढे वेम्बलेचे जादूगार म्हणू लागले. तो संघ पुन्हा कधीही एकत्र खेळला नाही.

याच मोसमात हडर्सफील्डने लीगचे विजेतेपद थोडक्यात गमावले आणि चषकाचा अंतिम सामनाही गमावला. त्यांचा एकुलता गोल जॅक्सनचा. १९३० चा अंतिम सामनाही हरले, तो चॅपमनच्या आर्सेनलकडून. मधल्या १९२९ साली हॅम्पडन पार्कवर इंग्लंडविरुद्ध खेळताना जॅक्सनचे कोपर निखळले आणि त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. उरलेल्या दहा जणांनी किल्ला लढविला आणि अगदी शेवटी अ‍ॅलेक चेनने कॉर्नरवरून चेंडू थेट गोलात घातला. तेव्हा जी आरोळी उठली तिची आठवण स्कॉटलंडमध्ये अजून काढतात. ती ऐकायला जॅक्सन मैदानावर नव्हता. देशासाठी तो एकूण १७ सामने खेळला, ८ गोल केले. शेवटचा सामना १९३० चा.

मग चेल्सी. या क्लबने एकाच वर्षात जॅक्सन, ह्यूई गॅलकर आणि तोच चेन असे तीन स्कॉटिश मोहरे खरेदी केले. पैसा ओतला, गर्दी लोटली, पण विजेतेपद आले नाही. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू होत होते आणि तिथल्या नीम शहराच्या क्लबाने या मंडळींपुढे भरघोस रकमा ठेवल्या. जॅक्सनने चेल्सीकडे वाढ मागितली. क्लबाने नकार दिला. द्यायचे म्हटले तरी देता आले नसते, कारण ८ पौंडांची कमाल मर्यादा सगळ्या लीगची होती. त्यातच मँचेस्टरच्या मुक्कामी जॅक्सनने सहकाऱ्यांसाठी हॉटेलच्या खोलीवर मद्य मागविल्याचे प्रकरण निघाले. क्लबाने त्याला विक्रीच्या यादीत टाकले.

आता खरी मेख पाहा. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्याच ताब्यात राही. क्लबाने मागितलेली रक्कम दुसऱ्या कोणी मोजली तरच तो लीगमध्ये अन्यत्र खेळू शके. नाही मोजली तर बसा घरी. पगार नको, पण नोकरीही सोडता येत नाही! जॅक्सन वाकला नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी इंग्लिश लीगमधला त्याचा खेळ संपला.

त्याला हुतात्मा करण्याची माझी तयारी नाही. तो भांडला ते स्वतःपुरते. बाकीच्या शेकडो साध्या खेळाडूंचा विचार त्याने केला असे दिसत नाही. त्यांच्यापैकी अनेकांना तर ८ पौंडही मिळत नव्हते, आणि गिरणीखाणीच्या मजुराच्या मानाने आठ म्हणजे चैनच होती. गॅलकरही असंतुष्टच होता, पण तो लीगमध्ये खेळत राहिला, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे. तरी मला वाटते, जॅक्सनचा हिशेब चुकीचा नव्हता. हजारोंनी तिकिटे काढायची ती त्याला पाहायला, आणि बाजारात त्याची जी किंमत होती तिच्यातला त्याचा वाटा मात्र कायद्याने बांधलेला. ही मर्यादा उठायला जानेवारी १९६१ उजाडावा लागला. खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिली तेव्हा कुठे लीग नमली. त्यानंतर फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. खेळाडूला अडकवून ठेवणारी ती नोंदणीची पद्धत अन्यायाची आहे, हे न्यायालयाने १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात म्हटले.

लीगबाहेरच्या लहान संघांवर क्लबांचा हा हक्क चालत नसे. जॅक्सन अ‍ॅश्टन नॅशनल नावाच्या एका किरकोळ संघात गेला. तिथे त्याला आठवड्याला १५ पौंड मिळाले असे सांगतात. म्हणजे चेल्सीच्या जवळजवळ दुप्पट! वेम्बलेचा जादूगार आता आडगावच्या मैदानांवर खेळू लागला. तिथून मारगेट, मग फ्रान्समध्ये नीस आणि ल तुके. पैसे मिळाले, पण ज्या वयात खेळाडूचा खेळ पिकतो, त्या वयातला जॅक्सन पाहायला फारसे कोणी नव्हते.

महायुद्ध सुरू झाल्यावर तो सैन्यात शिरला आणि उत्तर आफ्रिकेत गेला. युद्ध संपल्यावरही परतला नाही. मेजरच्या हुद्द्यावर सुवेझ कालव्याच्या टापूत सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहत राहिला. १५ नोव्हेंबर १९४६ रोजी कैरोजवळ तो चालवीत असलेला ट्रक उलटला, डोक्याला जबर मार बसला आणि त्यातच तो गेला. वय एकेचाळीस. फायेद येथील लष्करी दफनभूमीत, इतर सैनिकांच्या ओळीत, त्याला पुरले आहे.