रॉबर्ट बॉश

रॉबर्ट बॉश (जन्म : २३ सप्टेंबर १८६१, आल्बेक, जर्मनी, मृत्यू : १२ मार्च १९४२, श्टुटगार्ट, जर्मनी) हे जर्मन यंत्रज्ञ, उद्योजक आणि दानशूर होते. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमधील इंधनमिश्रण योग्य क्षणी पेटवणाऱ्या मॅग्नेटो या उपकरणाला त्यांच्या कार्यशाळेने वाहनांसाठी वापरण्याजोगे रूप दिले. मोटारसायकल व मोटारगाडी यांच्या आरंभीच्या विकासात या कार्याला महत्त्वाचे स्थान आहे.

जन्म आणि शिक्षण

बॉश यांचा जन्म उल्म शहराजवळील आल्बेक या गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे होते. त्यांचे वडील सधन शेतकरी असून खानावळही चालवत. उल्म येथील शालेय शिक्षणानंतर बॉश यांनी तेथेच सूक्ष्मयंत्रांच्या कारागिराकडे उमेदवारी केली. पुढे जर्मनीतील अनेक कारखान्यांत काम करून त्यांनी श्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात काही काळ व्याख्याने ऐकली. १८८४ मध्ये ते अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क येथे एडिसन यांच्याशी संबंधित कारखान्यात राहिले. त्यानंतर लंडनमध्ये सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात काही काळ काम करून ते मायदेशी परतले.

कार्यशाळेची स्थापना

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी बॉश यांनी श्टुटगार्ट येथे सूक्ष्मयंत्रे व विद्युत उपकरणे यांची कार्यशाळा उघडली. सोबतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या मुलगा एवढेच होते. दूरध्वनी व विजेच्या घंटा बसवणे आणि दुरुस्ती ही सुरुवातीची कामे होती. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून त्यांनी स्थिर इंजिनासाठी पहिला मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटोची कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. आधीच्या यंत्रात त्यांनी सुधारणा केली. पहिली काही वर्षे आर्थिक ओढाताणीची गेली. १८९६ पर्यंत मात्र अशा एक हजार यंत्रांची निर्मिती झाली होती.

वाहनांसाठी मॅग्नेटो

त्या काळी वाहनांच्या इंजिनात मिश्रण पेटवण्याच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. पहिल्या पद्धतीत सिलिंडरला जोडलेली नळी बाहेरून ज्योतीने तापवली जाई. तीत प्रज्वलनाची वेळ हवी तशी बदलता येत नसे. दुसरी पद्धत बॅटरी व कॉइलची होती. तिच्यात प्रवासात बॅटरी उतरण्याची भीती असे. मॅग्नेटो मात्र इंजिनाच्या गतीतूनच वीज निर्माण करी.

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या व्यावसायिकाने द दिओं-बुतों कंपनीची मोटार-तिचाकी बॉश यांच्याकडे मॅग्नेटो बसवण्यासाठी दिली. स्थिर इंजिने संथ चालत, तर या लहान इंजिनाचे मिनिटाला हजाराहून अधिक फेरे होत. मॅग्नेटोचा जड आर्मेचर इतक्या वेगाने मागेपुढे हलवणे शक्य नव्हते. कार्यशाळेतील आर्नोल्ड झेरिंगर यांनी आर्मेचर स्थिर ठेवून त्याभोवती हलके धातूचे आवरण फिरवण्याची रचना केली आणि ही अडचण दूर झाली.

तरीही ठिणगीसाठी सिलिंडरच्या आत उघडझाप करणारे संपर्कबिंदू व ते हलवणाऱ्या दांड्या लागत. बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो व त्याला जोडलेला स्पार्क प्लग ही जोडी विकसित केली. तिचे पेटंट १९०२ मध्ये घेण्यात आले. सिलिंडरमधील हलते भाग नाहीसे झाले आणि विद्युतप्रवाह खंडित करणारे संपर्कबिंदू बाहेर आले.

ठिणगीच्या वेळेचे महत्त्व

मिश्रण पेटल्यावर ज्योत पसरण्यास काही काळ लागतो. त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पडावी लागते. हे अंतर क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती वाया जाते व इंजिन तापते. फार लवकर पडल्यास ठोके ऐकू येतात आणि पिस्टनला इजा पोहोचते. फेरे वाढले की ठिणगी अधिक आधी पाडावी लागते. होनोल्ड यांच्या रचनेत संपर्कबिंदूंची जागा सरकवून हे साधता येई. म्हणूनच जुन्या मोटारसायकलींच्या हँडलवर ठिणगी पुढेमागे करण्याचा खटका असे.

इंजिनाची घनक्षमता, म्हणजे बोलीभाषेतील सीसी, वाढवल्यानंतर ही वेळ पुन्हा का जुळवावी लागते, हेही यावरून स्पष्ट होते. सिलिंडरचा व्यास वाढल्यास ज्योतीला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून ठिणगी लवकर हवी. परंतु सिलिंडर हेडमधील पोकळी तेवढीच राहिल्यास दाबगुणोत्तर वाढते, मिश्रण अधिक वेगाने जळते व ठोक्यांचा धोका वाढतो. अशा वेळी ठिणगी उशिरा पाडणे योग्य ठरते. केवळ सीसीच्या आकड्यावरून नेमका अंश सांगता येत नाही. तो प्रत्यक्ष चाचणीनेच ठरवावा लागतो.

उद्योगाचा विस्तार

१९०१ मध्ये पहिला स्वतंत्र कारखाना उभा राहिला. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला व त्याच वर्षी बॉश यांनी कामगारांसाठी आठ तासांचा दिवस लागू केला. त्यांचे कामगारांशी असलेले संबंध तरीही संघर्षमुक्त राहिले नाहीत. १९१३ मध्ये कारखान्यात मोठा संप झाला. पहिल्या महायुद्धात कंपनीने परदेशी बाजारपेठ गमावली आणि अमेरिकेतील मालमत्ता जप्त झाली. युद्धसाहित्यातून मिळालेला नफा बाळगणे बॉश यांना अनुचित वाटे. त्यांनी तो नेकार नदीचा कालवा व अन्य लोकोपयोगी कामांसाठी दिला. १९२७ मध्ये कंपनीने डिझेल इंजिनाच्या इंधन-पंपाचे उत्पादन सुरू केले.

नाझी राजवट आणि अखेरची वर्षे

बॉश हे जर्मनी व फ्रान्स यांच्यातील सलोख्याचे पुरस्कर्ते होते. नाझी राजवटीत त्यांनी छळ झालेल्या व्यक्तींना साहाय्य केले. हिटलरविरोधी गटातील कार्ल ग्योर्डेलर हे त्यांच्या कंपनीचे सल्लागार होते. दुसरीकडे त्यांच्या कारखान्यांत युद्धसाहित्य तयार होत होते आणि युद्धकाळात हजारो वेठबिगार कामगार तेथे राबवले गेले. त्यांच्या चरित्राचे मूल्यमापन करताना हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही. ज्या राजवटीला त्यांचा विरोध होता, तिनेच १९४२ मध्ये त्यांचा शासकीय इतमामाने अंत्यविधी केला.

वारसा

१९४० मध्ये श्टुटगार्ट येथे त्यांच्या देणगीतून रुग्णालय सुरू झाले. बॉश यांच्या इच्छेनुसार १९६४ मध्ये कंपनीचे बहुसंख्य भाग धर्मादाय संस्थेकडे गेले. वर्तुळातील आर्मेचर हे कंपनीचे बोधचिन्ह आजही मॅग्नेटोची आठवण देते.

भारतात कंपनीचे विक्री कार्यालय १९२२ मध्ये कोलकाता येथे सुरू झाले. १९५१ मध्ये बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, अर्थात मायको, स्थापन झाली. २००८ मध्ये तिला बॉश लिमिटेड हे नाव मिळाले. मायकोचे स्पार्क प्लग भारतीय दुचाकीस्वारांच्या परिचयाचे होते. महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कंपनीचा कारखाना असून शहरातील मायको सर्कल या चौकाच्या नावात ते जुने नाव टिकून आहे.