२५ किलो टपाल अन् जेआरडींचं विमान

राळेगणसिद्धी (ता. पारनेर) : जुन्या पेटीत आजोबांची पत्रं निघाली की पोरं तिकीट काढून घेतात आणि पाकीट चुलीत जातं. जाणकार संग्राहक मात्र अख्खं पाकीटच शोधतात. निघाल्याचा, पोहोचल्याचा शिक्का त्याच्यावरच असतो. पहिल्या विमानटपालाचं पाकीट असेल तर बघायलाच नको. असं टपाल स्वतः विमान चालवत मुंबईला आणणारा माणूस म्हणजे जेआरडी टाटा.

२९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये त्यांचा जन्म. आई फ्रेंच. विमानाचं वेड लहानपणापासूनच. १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांनाच मिळाला. पुढच्या वर्षी इंग्लंड ते भारत एकट्यानं विमान नेण्याची आगाखान यांची शर्यत लागली. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा पोरगा इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये गाठ पडली, तर अस्पीचं विमान स्पार्क प्लगवाचून अडकलेलं. जेआरडींनी जवळचा प्लग दिला. शर्यत अस्पीनं जिंकली, तीही थोड्या तासांनी! हेच अस्पी पुढं हवाई दलाचे प्रमुख झाले.

त्या काळी विलायतेचं टपाल विमानानं कराचीपर्यंत यायचं, पुढं रेल्वे. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या साथीनं जेआरडींनी कराची ते मद्रास विमानटपालाचा प्रस्ताव दिला. सरकार अनुदान द्यायला राजी नव्हतं. शेवटी अनुदान नको, टपाल नेऊ त्याचेच पैसे द्या, या बोलीवर काम मिळालं. भांडवल २ लाख रुपये, इंजिन एकच असलेली छोटी विमानं, जुहूला झापाची शेड.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी २५ किलो टपाल घेऊन कराचीहून उडाले. रेडिओ नाही, सोबतीला कोणी नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. इंधन भरून दुपारी जुहू गाठलं. तिथून व्हिन्सेंटनं टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. अवघं २५ किलो ओझं, त्यातली पाकिटं आज उरणार तरी किती? म्हणून तर मोल.

पावसाळ्यात जुहूला चिखल व्हायचा, मग मुक्काम पुण्याला. तरी टपाल वेळेवर. पहिल्या वर्षाच्या सरकारी अहवालात या वक्तशीरपणाची नोंद झाली.

१९४६ ला याच कंपनीची एअर इंडिया झाली, १९५३ ला ती सरकारनं घेतली. जेआरडी अध्यक्ष राहिले, पण १९७८ मध्ये त्यांना पदावरून काढलं गेलं. ज्यानं रोप लावलं त्यालाच बांधाबाहेर काढल्यासारखं झालं ते. तरीही १९८२ मध्ये ७८ वर्षांचे जेआरडी कराची-मुंबई पुन्हा एकटेच उडाले.

२९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. दफन पॅरिसला झालं. १९९४ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.