विश्लेषण : हेलियमला नाव देणारे लॉकयर विजयदुर्गला नेमके कधी आले?

भुईगावच्या किनाऱ्यावर मुलाच्या हातून हेलियमचा फुगा सुटला, की गेलाच. फुगा फुटून कुठेतरी खाली पडतो. त्यातला वायू मात्र हवेत मिसळतो आणि कालांतराने पृथ्वीचीच साथ सोडतो. या वायूला नाव देणारे सर नॉर्मन लॉकयर याच कोकण किनाऱ्यावर, सिंधुदुर्गातील विजयदुर्गला येऊन गेले होते.

लॉकयर कोण होते?

जन्म १७ मे १८३६, इंग्लंडमधील रग्बी. युद्ध खात्यात कारकुनी करता करता त्यांना आकाश निरीक्षणाचा छंद जडला. १८६९ मध्ये त्यांनी ‘नेचर’ हे विज्ञान साप्ताहिक सुरू केले आणि सुमारे ५० वर्षे त्याचे संपादन केले. १६ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले.

१८६८ की १८९८?

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात तेव्हा ते इंग्लंडमध्येच होते. ते ग्रहण फ्रान्सच्या यान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकयर यांना २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली. ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ग्रीक सूर्यदेव हेलिओसवरून ‘हेलियम’ नाव पडले. १८९५ मध्ये रॅमसे यांना तो पृथ्वीवरील खनिजात सापडला.

लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

हेलियम पृथ्वीवर का टिकत नाही?

पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. वायू जितका हलका आणि तापलेला, तितके त्याचे कण वेगवान. वातावरणाच्या वरच्या थरात हायड्रोजन सहज निसटतो. हेलियमच्या कणांना सौरकिरण आणि विद्युतभारित कणांचा धक्काही मदत करतो. जड नायट्रोजन, ऑक्सिजन मागे राहतात. गुरू प्रचंड आणि थंड असल्याने दोन्ही हलके वायू धरून ठेवतो. चंद्राला दाट वातावरण राखताच आले नाही.

आपल्याला काय फरक पडतो?

हवेच्या १० लाख भागांत हेलियम जेमतेम ५ भाग. युरेनियम, थोरियमच्या विघटनातून तो भूगर्भात अतिशय संथपणे तयार होतो. एमआरआय यंत्रातील चुंबक थंड ठेवायला तोच लागतो. म्हणूनच हातून सुटलेला हेलियम परत मिळवणे जवळपास अशक्य.