जनरल ड्युफूर यांचें चरित्र

पांढऱ्या कापडावरील तांबड्या क्रुसाचें चिन्ह आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. युद्धांत जखमी झालेला मनुष्य कोणत्याहि पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा व्हावी, एवढ्याकरितां १८६३ सालीं जिनीव्हा शहरांत पांच गृहस्थ एकत्र बसले, आणि रेड क्रॉसचा उगम तेथें झाला. त्या पांचांनीं ज्यांस आपले पहिले अध्यक्ष केलें ते एक वृद्ध सेनापति होते. सोळा वर्षांपूर्वीं त्यांनीं स्वतःच्याच देशबांधवांवर सैन्य नेलें होतें. त्यांचें चरित्र आज सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

गियोम हेन्री ड्युफूर यांचा जन्म १५ सप्टेंबर १७८७ रोजीं कॉन्स्टान्स येथें झाला. आईबाप जिनीव्हाचे, परंतु राज्यकारभाराच्या भांडणांमुळें तें कुटुंब परागंदा झालें होतें. तरुणपणीं ड्युफूर यांनीं पॅरिस येथें एंजिनियरीचें शिक्षण घेतलें व फ्रेंच सैन्यांत चाकरी केली. १८१७ सालीं ते जिनीव्हास परतले. तेथें त्यांनीं पूल बांधिले, थून येथील लष्करी शाळा स्थापण्यास हातभार लाविला, आणि पुढें सर्व स्वित्झर्लंडची मोजणी करून २५ पत्रांचा नकाशा तयार करविला. हें शेवटलें काम वीस वर्षांहून अधिक चाललें. ज्या दऱ्याखोऱ्यांतील लोकांशीं पुढें लढण्याचा प्रसंग यावयाचा होता, तीं खोरीं त्यांच्याच देखरेखीखालीं मोजलीं जात होतीं.

त्या वेळीं स्वित्झर्लंड म्हणजे २२ प्रांतांचा एक सैलसा संघ होता. कांहीं प्रांत प्रॉटेस्टंट, कांहीं रोमन कॅथलिक. १८४१ सालीं आरगाउ प्रांताच्या सरकारनें तेथील मठ बंद केले. लुसर्न प्रांतानें १८४४ सालीं जेझुइट पंथाच्या पाळकांस शिक्षणाच्या कामासाठीं बोलाविलें. तेव्हां इतर प्रांतांतील शस्त्रधारी टोळ्या दोनदां लुसर्नवर चालून गेल्या. आमच्या बाजूचे लोक या प्रकरणांत निर्दोष होते असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. भयभीत झालेल्या सात कॅथलिक प्रांतांनीं १८४५ च्या डिसेंबरांत आपसांत तह केला. संघाच्या सभेनें १८४७ सालीं तो तह मोडण्याचा हुकूम केला, आणि हुकूम मानला जाईना म्हणून २१ ऑक्टोबर रोजीं ड्युफूर यांस सेनापति नेमिलें.

ड्युफूर त्या वेळीं साठ वर्षांचे होते, आणि जहाल मतांचे तर मुळींच नव्हते. त्यांनीं पद स्वीकारण्यास आधीं कांकूं केली. दुसऱ्या पक्षाचे सेनापति फॉन सालिस हे स्वतः प्रॉटेस्टंट होते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. म्हणजे ही लढाई केवळ धर्माची नव्हती हें कळेल.

युद्धाच्या आरंभींच जनरलांनीं सैनिकांस लेखी हुकूम दिला. बायका, मुलें, म्हातारे व धर्मोपदेशक यांस हात लावूं नये, कैद्यांस इजा करूं नये, शत्रूच्या जखमींस आपल्याच माणसांप्रमाणें वागवावें, असा त्याचा मतलब होता. त्यांचा दुसरा उपाय हिशेबी होता. सुमारे एक लक्ष सैन्य जमवून एकेका प्रांतास असें घेरावयाचें कीं लढणें निरर्थक आहे हें त्यालाच दिसावें. फ्रीबुर्ग शहराभोंवतीं तोफा मांडून त्यांनीं आधीं आपला दूत आंत पाठविला, आणि १४ नोव्हेंबरास तें शहर शरण आलें. २३ तारखेस गिस्लिकोन येथें मोठी चकमक झाली, तींत फॉन सालिस जखमी झाले. दुसऱ्या दिवशीं लुसर्न पडलें. महिन्याच्या आंतच युद्ध संपलें. दोन्हीं बाजूंचे मिळून शंभराच्या आसपास लोक मेले.

परंतु सर्वच शिपायांनीं हुकूम पाळला असें नाहीं. फ्रीबुर्गांत जेझुइटांच्या विद्यालयाची नासधूस व लूट झाली.

लढाई जिंकल्यावर जें करावयाचें होतें तें अधिक कठीण होतें, आणि तें सेनापतीच्या हातीं नव्हतें. १२ सप्टेंबर १८४८ रोजीं नवी राज्यघटना अमलांत आली. तिच्यांत एक सभा लोकसंख्येप्रमाणें, व दुसरींत प्रत्येक प्रांताचे दोन सभासद ठेविले. त्यामुळें हरलेल्या डोंगराळ, लहान प्रांतांसहि मोठ्या झुरिकइतकाच आवाज मिळाला. जिंकणाऱ्यांनीं युद्धाचा खर्च हरलेल्यांवर लादला होता, पण १८५२ सालीं उरलेली बाकी माफ केली. गांवचा तंटा मिटल्यावरहि दंडाची बाकी राहिली म्हणजे तंटा पुन्हा कसा धुमसतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तरी न्याय पुरा झाला नव्हता. फ्रीबुर्गांत नव्या घटनेविषयीं लोकांचें मत घेतलेंच नाहीं, आणि तेथील बिशपास हद्दपार केलें. जेझुइटांस देशांत काम करण्याची बंदी झाली. यहूदी लोकांस तर देशांत कोठेंहि वस्ती करण्याचा हक्क १८६६ पर्यंत मिळाला नाहीं.

सैन्यांस दिलेला दयेचा हुकूम मात्र एका देशापुरता राहिला नाहीं. १८६४ च्या ऑगस्टांत जिनीव्हास राष्ट्रांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष ड्युफूर होते. २२ तारखेस बारा राष्ट्रांनीं करारावर सह्या केल्या. जखमी शिपाई व त्यांची शुश्रूषा करणारे यांस सर्वांनीं अभय द्यावें असें त्यांत ठरलें.

१४ जुलै १८७५ रोजीं जनरल ड्युफूर वारले. देशाच्या सात जणांच्या कार्यकारी मंडळांत हरलेल्या पक्षाच्या एकाहि गृहस्थास तोंवर जागा मिळाली नव्हती. ती १८९१ सालीं लुसर्नचे योसेफ त्सेंप यांस मिळाली. जेझुइटांवरील बंदी लोकांच्या मतानें उठली ती १९७३ सालीं.