विचारलं, तर सांगणार कोण?

महर्षी धोंडो केशव कर्वे हे नाव आपण प्रत्येकीने शाळेत ऐकलेलं आहे. हिंगण्याचा आश्रम, विधवांचं शिक्षण, 1916 साली सुरू झालेलं महिला विद्यापीठ, 1958 सालचं भारतरत्न, हे सगळं धड्यात होतं. पण त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ, म्हणजेच र. धों. कर्वे, त्या धड्यात नव्हते. आमच्या देवळाली प्रवरेत बचत गटाच्या बैठकीत मी हे नाव घेतलं, तेव्हा बऱ्याच जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक-दोघींना फक्त ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा आठवला. अमोल पालेकरांच्या 2001 सालच्या त्या सिनेमात किशोर कदम आणि सीमा बिस्वास होते.

मैत्रिणींनो, ज्या माणसाने आपल्या शरीराची माहिती आपल्याच भाषेत छापली आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढली, तो आपल्याला माहीत नसावा याचं मला वाईट वाटतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 रोजी कोकणातल्या मुरूडचा. 1891 साली त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. त्या काळात अशी किती घरं असतील! बाळंतीण गेली की लोक नशिबाला बोल लावायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. या मुलाच्या पुढच्या कामाचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही. माणसाचं मन इतकं सरळ नसतं. पण त्यांचं चरित्र वाचताना बाई म्हणून माझी नजर त्या सालावर थांबतेच.

मुलगा अतिशय हुशार. 1899 साली मॅट्रिकला पहिला आला. पुढे फर्ग्युसनमधून बी.ए. झाला आणि गणिताचा प्राध्यापक झाला. गणिताच्याच पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला. फ्रेंच भाषा त्यांना चांगली येत होती. तिकडे आणि इकडे मिळून शरीरशास्त्र, संततिनियमन, गुप्तरोग या विषयांवरची इंग्रजी-फ्रेंच पुस्तकं त्यांनी बारकाईने वाचली. परत आल्यावर ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले.

1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. त्याआधी 1916 साली अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी ब्रुकलिनला असं केंद्र काढलं, तर पोलिसांनी ते काही दिवसांतच बंद पाडलं. म्हणजे जगात ही गोष्ट नुकती सुरू होत होती, तेव्हा आपला एक मराठी माणूस त्या रांगेत पहिल्या काही जणांत उभा होता. 1923 साली त्यांचं ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं. विषय काय, तर मूल कधी हवं आणि किती हवीत हे नवराबायकोंनी ठरवता येतं, आणि त्यासाठी साधनं आहेत. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा मात्र घराघरात गहजब झाला असणार.

कॉलेज मिशनऱ्यांचं होतं. हे काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रसंग आला. 1925 साली कर्व्यांनी नोकरी सोडली. प्राध्यापकाची बांधलेली कमाई गेली. घरची बाई म्हणून मी विचार करते, की त्या महिन्याचा किराणा कसा भरला असेल? इथे त्यांच्या पत्नी मालतीबाईंचं नाव घ्यायलाच हवं. या जोडप्याने स्वतःला मूल होऊ न देण्याचं ठरवलं होतं. लोकांना सांगायचं आणि आपण वेगळं वागायचं, असं त्यांच्या घरात चाललं नाही. त्या काळात मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकावं लागत असेल, ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. हळदीकुंकवाला गेलं तरी नजरा टोचत असतील. मालतीबाईंनी ते सोसलं आणि नवऱ्याच्या कामात साथ दिली. त्या नसत्या तर हे काम इतकी वर्षं टिकलं नसतं, असं मला वाटतं.

15 जुलै 1927 रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. मागे ना संस्था, ना कुणी शेठसावकार. लिहायचं स्वतः, छपाईचं बघायचं स्वतः, तोटाही स्वतःच सोसायचा. माणसाचं आणि समाजाचं आरोग्य, शरीराचं तसंच मनाचं, हा या मासिकाचा विषय. ‘आधुनिक कामशास्त्र’, ‘आधुनिक आहारशास्त्र’ अशी त्यांची पुस्तकंही याच काळातली.

मला या मासिकातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे वाचकांची प्रश्नोत्तरं. घरात विचारता येत नाही, डॉक्टरसमोर जीभ रेटत नाही, असे प्रश्न लोक पत्राने पाठवायचे. कर्वे त्यांना सरळ उत्तर द्यायचे. नाक मुरडायचं नाही, पाप-पुण्याचा पाढा वाचायचा नाही. शास्त्र काय म्हणतं ते सांगायचं. गणिताच्या माणसाला पुराव्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. तीच सवय त्यांनी आरोग्याच्या लिखाणात आणली.

पण हीच प्रश्नोत्तरं त्यांना भोवली. अश्लीलतेचा पहिला खटला 1931 साली एका लेखावरून झाला होता आणि त्यात दंड झाला होता. दुसरा खटला वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून झाला. 1934 साली त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! बाबासाहेबांचं म्हणणं साधारण असं होतं, की मासिक लैंगिक शिक्षणाचं आहे, तर वाचक प्रश्नही त्याच विषयाचे विचारणार. प्रश्नाला उत्तरच द्यायचं नाही म्हटलं, तर अज्ञान जाणार कसं? कोर्टाला ते पटलं नाही. खटला हरला आणि 200 रुपये दंड झाला. तेव्हाचे 200 रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत. तरी पुढचा अंक निघालाच.

आता आपल्या जिल्ह्याचा एक धागा सांगते. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव मांडला गेला. त्यामागे बाबासाहेबांचा विचार होता, आणि सभागृहात ठराव मांडला तो त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी. हे रोहम नगर दक्षिणमधून निवडून गेलेले! ठराव फेटाळला गेला. पण वारंवारच्या बाळंतपणांनी बाईचा जीव जातो, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या आमदाराने त्या काळी भर सभागृहात मांडली, याचा अभिमान वाटायला हवा.

विरोध करणारे काही लहान लोक नव्हते. कृत्रिम साधनं नकोत, संयम पाळा, असं खुद्द गांधीजी सांगत. सँगरबाई 1935 ते 36 च्या भारत दौऱ्यात वर्ध्याला जाऊन त्यांना भेटल्या, तरी गांधीजींचं मत बदललं नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या मताविरुद्ध कर्वे आपल्या चार पानांच्या जोरावर उभे होते. संयमाचा उपदेश ऐकून बाईची सुटका होत नाही, हे त्यांना कळलं होतं. कारण घरात संयम ठेवायचा की नाही, हे ठरवायचा अधिकार बाईकडे कुठे होता?

1952 साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर घेणारा आपला देश जगात पहिला. ज्या कामापायी 1925 साली नोकरी गेली, तेच काम 27 वर्षांनी सरकारने हाती घेतलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी, रघुनाथराव गेले. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबर 1953 चा अंक शेवटचा ठरला.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते. कर्वे मोठे होते, म्हणून त्यांची जुनी पुस्तकं काढून त्याप्रमाणे आज उपचार करायचे का? मुळीच नाही. ते स्वतः डॉक्टर नव्हते. शिवाय त्यांच्या काळात गर्भनिरोधक गोळी नव्हती, ती अमेरिकेत 1960 साली मंजूर झाली. तांबी, इंजेक्शन हे सगळं त्यानंतरचं. त्यांची काही मतंही आज पटणारी नाहीत. आरोग्याच्या माहितीला वय असतं. ती दुधासारखी असते, ताजी आहे ना हे बघूनच घ्यावी. त्यांच्याकडून घ्यायची ती रीत. लाज बाजूला ठेवायची, पुरावा बघायचा आणि कळेल अशा मराठीत सांगायचं.

त्यांना एकट्याने करावं लागलं, ते काम आता डॉक्टरांनी करायचं आहे. चांगल्या दवाखान्यात पेशंटच्या हातात जो माहितीचा कागद देतात, तो एका डॉक्टरने लिहून दुसऱ्या जाणकाराने तपासलेला असावा लागतो. औषध कशाचं, किती दिवस, त्रास काय होऊ शकतो, कोणत्या वेळी धावत दवाखाना गाठायचा, हे त्यात हवं. आपल्याकडे मात्र औषधाच्या खोक्यातला कागद बहुधा मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरातला असतो. मग ती जागा मोबाईलवर फिरणारे निरोप घेतात.

आमच्या बैठकीत तांबीचा विषय निघाला, की हमखास कुणीतरी म्हणते, ती वर सरकत हृदयापर्यंत जाते. हे ऐकून एक सून दोन वर्षं तांबी बसवायला घाबरत होती. तांबी हृदयात जात नाही. ती गर्भपिशवीत बसवलेली असते. क्वचित ती जागेवरून सरकते किंवा पडते, म्हणून तर सांगितलेल्या तारखेला दाखवायला जायचं असतं. सरकारी दवाखान्यात मिळणारी एक तांबी 10 वर्षं चालते आणि दुसरी 5 वर्षं. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. कुणाला काय योग्य, हे मात्र तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं. इतकी साधी माहिती, पण ती त्या सुनेपर्यंत पोचायला दोन वर्षं लागली.

म्हणून आम्ही बैठकीत एक डबा ठेवतो. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. जिला लिहिता येत नाही, तिच्यासाठी दुसरी लिहिते. महिन्याने एक डॉक्टरबाई येतात आणि एकेका चिठ्ठीचं उत्तर लिहून आणतात. मग उलटी तपासणी आमच्या बायका करतात. डॉक्टरबाईंनी ‘श्वेतप्रदर’ लिहिलं, की बायका म्हणतात, अंगावरून पांढरं जाणं लिहा. ‘गर्भाशयमुख’ लिहिलं, की म्हणतात, पिशवीचं तोंड लिहा ना! मजकूर खरा आहे की नाही ते डॉक्टरबाई बघतात, कळतो की नाही ते आमच्या उसात खुरपायला जाणाऱ्या बायका बघतात. दोघींनी होकार दिल्यावरच तो कागद वाटायचा, आणि खाली तारीख टाकायची.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अशा खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं ज्ञान दिलं आणि त्या गावोगावी सांगू लागल्या. शेजारणीचं सांगणं बाईला पटतं. ते सांगणं तपासलेलं असलं, तर त्याच्यासारखं औषध नाही.

मैत्रिणींनो, आरोग्याचा कोणताही कागद किंवा निरोप हातात आला, की चार गोष्टी विचारा. कुणी लिहिलं? कोणत्या डॉक्टरने तपासलं? कधीचं आहे? आणि हे ऐकून आपण काही विकत घ्यावं, असा कुणाचा हेतू आहे का? अंगावरून जाण्यावर, मूल होण्या-न होण्यावर रामबाण उपाय म्हणून जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी अशा जाहिराती दिसतातच. चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर तो निरोप पुढे पाठवू नका.

आणि तुमच्या मुलीने, सुनेने काही विचारलं, तर तिला गप्प बसवू नका. माहीत असेल तर सांगा, नसेल तर तिला घेऊन दवाखान्यात जा. प्रश्नाला उत्तर दिलं म्हणून एका माणसाने 200 रुपये दंड भरला. आपल्याला तर आता कुणी दंड करणार नाही.