आवाजाला शास्त्राची बैठक देणारे प्रा. देवधर

छत्रपती संभाजीनगर : गाणाऱ्याचा आवाज बिघडला, की दोष गळ्याला दिला जातो, कधी थंड पाण्याला, तर कधी नशिबाला. तोंडातल्या जिभेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आवाज ही केवळ दैवी देणगी नसून समजून घेण्याची आणि घडविण्याची गोष्ट आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविणाऱ्यांमध्ये प्रा. बी. आर. देवधर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

देवधरांचा जन्म १९०१ मधला, मिरजेचा. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे ते शिष्य. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीत घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आणले होते. त्याच वाटेने पुढे जात देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय सुरू केले. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला. मैफली गवई म्हणून मिरविण्यापेक्षा शिक्षक आणि संशोधक ही भूमिका त्यांनी पत्करली.

त्या काळी ध्वनिक्षेपक सर्वत्र पोहोचले नव्हते. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेण्यासाठी गायक-नट जोर लावीत आणि अनेकांच्या गळ्याला त्याची किंमत मोजावी लागे. युरोपात मान्वेल गार्सिया या गायनगुरूने १८५४ मध्ये आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते. आपल्याकडे मात्र तालमीचा भर गुरूच्या अनुकरणावर राहिला. देवधरांनी ‘आवाज साधना शास्त्र’ हा ग्रंथ लिहून हा विषय मराठीत आणला.

या शास्त्रात जिभेचे महत्त्व मोठे आहे. नाद निर्माण होतो तो स्वरतंतूंच्या कंपनातून. त्याला आकार देण्याचे बरेचसे काम जीभ करते. ‘आ’ उच्चारताना ती खाली विसावते, ‘ई’ला तिचा पुढचा भाग उचलला जातो, ‘ऊ’ला मागचा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ वेगळा ऐकू येतो, तोही जिभेच्या जागेमुळेच. आपल्या प्राचीन वैयाकरणांनी वर्णमालेची मांडणी याच उच्चारस्थानांवरून केली.

जिभेचे मूळ घशातील नालाच्या आकाराच्या एका लहान हाडाशी जोडलेले असते आणि स्वरयंत्रही त्याच हाडाला टांगलेले असते. त्यामुळे जीभ मागे आखडली, की तो ताण स्वरयंत्रापर्यंत पोहोचतो. आवाज घुसमटतो, वरचे स्वर कष्टाने लागतात, शब्द अस्पष्ट होतात. गवयाइतकेच हे वक्त्यालाही लागू पडते.

देवधरांच्या अध्यापनाची खरी कसोटी लागली ती १९३० च्या दशकात. थोर गवयांच्या गायनाची हुबेहूब नक्कल करणारा एक बालगायक त्यांच्याकडे शिकण्यास आला. दुसऱ्यांच्या आवाजात गाणाऱ्या या मुलाला स्वतःचा आवाज सापडला नसता, तर तो एक नवलाईचा विषय बनून विस्मृतीत गेला असता. देवधरांनी त्याला अनेक घराण्यांचे गाणे ऐकविले, कोणत्याही एका चौकटीत कोंडले नाही. तो मुलगा म्हणजे पं. कुमार गंधर्व. पुढे क्षयाने ग्रासलेल्या कुमारांनी देवास येथे दीर्घ आजारपण सोसले आणि १९५० च्या दशकात ते नव्या शैलीने पुन्हा उभे राहिले. विचारपूर्वक गाण्याचे बीज या गुरुगृही पडले होते, असे म्हणण्यास जागा आहे.

‘संगीत कला विहार’ मासिकाचे संपादन आणि ‘थोर संगीतकार’सारखे लेखन करून १९९० मध्ये देवधर निवर्तले.

आज छत्रपती संभाजीनगरात सुगम संगीताचे वर्ग भरतात, नाट्यस्पर्धांच्या तालमी रंगतात आणि शिक्षक भरलेल्या वर्गांत तासन्‌तास बोलतात. यांपैकी कितीजणांना आपला आवाज कसा निघतो, हे कोणी शिकविले आहे? देवधरांनी आयुष्य वेचले ते याच प्रश्नासाठी. गळा बसल्यावर उपाय शोधण्यापेक्षा तो आधी ओळखावा, हाच त्यांच्या कार्याचा धडा.